बरोबर सातचा मिस कॉल

चिंधाने बायकोच्या फोनवरून मुलीला पहिला खोटा मिस कॉल दिला, तेव्हा घड्याळात बरोबर सात वाजले होते. मंजुळाबाईला दमणगंगेच्या काठी अग्नी देऊन तीन तास झाले होते. अंगावरचा पंचा अजून ओला होता. सिल्वासाजवळच्या मसाट गावातल्या चाळीत दाराशी भाऊ झुंबर, शेजारची भिमाबाई आणि पाच-सात माणसं बसली होती. चिंधा आत गेला, फळीवरचा बटणांचा फोन उचलला, दोन रिंग होऊ दिल्या आणि कापला.

त्याने आधी काही ठरवलं नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. घड्याळाकडे नजर गेली, मिस कॉलची वेळ झालेली दिसली आणि तो नाही गेला तर पोरगी घाबरेल, एवढंच त्याच्या मनात आलं. पुढचा सगळा घोटाळा या दोन रिंगांतून निघाला.

या दोन रिंगांचा घरात एक कायदा होता. अश्विनी शिकायला बाहेर पडली त्या वर्षी मंजुळाबाईने तो केला. संध्याकाळच्या भाकरी थापून झाल्या की ती मुलीला दोन रिंग द्यायची. त्याचा अर्थ, इकडे सगळं ठीक आहे, आम्ही जेवायला बसतोय, तूही जेव. पलीकडून उचलायचा नाही. पुढे फोनवर बोलणं फुकट झालं, अश्विनी चेन्नईच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करायला गेली, व्हिडिओवर तोंडं दिसायला लागली, तरी मिस कॉल राहिला तो राहिलाच. अकरा वर्षांत तो एकदाही कुणी उचलला नव्हता.

अश्विनीचा व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, पुढच्या मंगळवारी होता. महिन्यापूर्वी तिनेच सांगून ठेवलं होतं, "आबा, व्हायवा होईपर्यंत मी बोलणार नाही. डोकं दुसरीकडे जातं. मायला म्हणावं, फक्त मिस कॉल दे." मंजुळाबाई त्यावर दोन दिवस रुसली होती. आणि या मंगळवारी सकाळी चिंधा पहिल्या पाळीला गेलेला असताना ती परातीत पीठ मळता मळता छाती धरून कलली. भिमाबाईने कारखान्याच्या गेटवर निरोप धाडला. चिंधा सायलीच्या कारखान्यातून धापा टाकत पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. हाताला पीठ तसंच होतं.

झुंबर साक्रीकडच्या गावाहून दुपारी आला तोच भांडत आला. वहिनीला गावी का नेत नाहीस, आपल्या मातीत का जाळत नाहीस, हा त्याचा राग. खरं कारण चिंधाने त्याला सांगितलं नाही. गावी नेलं असतं तर शंभर माणसं जमली असती आणि शंभरातल्या एकाने तरी चेन्नईला फोन लावला असता. संध्याकाळी झुंबरने पोरीच्या येण्याचं विचारलं, "पोर कवय येस?"

"मी सांगस तिले. तू बोलू नको. तुले मनी शपथ शे," चिंधा म्हणाला. झुंबरने शपथ पाळली.

आता हा माणूस लबाड होता का? मुळीच नाही. तीस वर्षांत त्याने एक सुट्टी खोटं बोलून घेतली नव्हती. पण मरणाच्या बाबतीत त्याच्या घराण्याला फसवाफसवीची सवय होती. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथा हा झाला, तेव्हा आईने त्याला उकिरड्यावर टेकवून परत उचललं आणि नाव ठेवलं चिंधा. फाटकं फडकं. म्हणजे मरण आलंच तर त्याला वाटावं, इथे मूल नाहीच, चिंधी पडलीय. खानदेशात असे चिंधा गावोगाव आहेत. मरणाला नीट कळू दिलं नाही तर ते टळतं, असं पंचावन्न वर्षं स्वतःच्या नावातच घेऊन फिरलेल्या माणसाने मुलीपासून आठ दिवस मरण लपवावं, यात मला तरी फार नवल वाटत नाही.

त्यात भर पडली दिवाळीतल्या त्या परातीची.

चिंधाचं कारखान्यातलं काम गाठी मोजण्याचं. पॉलिएस्टरचा धागा दिसतो एक, पण आत केसापेक्षा बारीक कितीतरी तंतू असतात. ते सुटे राहिले तर मागावर टिकत नाहीत, म्हणून हवेचा झोत मारून त्यांना जागोजागी एकमेकांत गुंतवतात. ते गुंतणं डोळ्यांना दिसत नाही. चिंधा मीटरभर धागा घेऊन काळ्या ट्रेमधल्या पाण्यावर अलगद सोडायचा. पाण्यावर तंतू फुलून पसरायचे आणि जिथे गुंतले असतील तिथे मिटलेलेच राहायचे. तेवढे मिटलेले ठिपके मोजायचे आणि लिहायचे. नवी मशीन आली तरी शंका आली की सुपरवायझर म्हणायचाच, "चिंधाभाई, पानी में डाल के देखो."

दिवाळीत अश्विनी आली तेव्हा तिने आईबापांना आपला अभ्यास समजावायचं मनावर घेतलं. मंजुळाबाईने परातीत पाणी भरलं, चिंधाने खिशातून धाग्याचा तुकडा काढून त्यावर सोडला आणि तिघं परातीभोवती बसले.

"आबा, न्यूट्रिनो म्हणून एक कण असतो," अश्विनी म्हणाली. "सूर्यातून येतो. आत्ताही तुमच्या-माझ्या अंगातून कोट्यवधी चाललेत, कुठे अडत नाहीत. त्याच्या तीन जाती. पण गंमत अशी, की निघताना एका जातीचा असतो आणि पोचेपर्यंत भलत्याच जातीचा होतो."

"ओ माय! जात बदलस?" मंजुळाबाईला हे फारच आवडलं.

"बदलते ना. कारण तो आतून एकटा नसतो. या धाग्यासारखं समज. तीन तंतू एकात चालतात, पण तिघांची चाल थोडी थोडी वेगळी. बरोबर आहेत तोवर तो बदलत राहतो. फारच लांब गेले की मागेपुढे होतात, एकमेकांपासून सुटतात, मग ते बदलणंही संपतं. ते किती गुंतलेत आणि कधी सुटतात, हे मी मोजते."

चिंधा हसला होता. "म्हणजे आपल्या दोघांचा धंदा एकच हाय."

"एकच, आबा."

मग त्याने विचारलं होतं, "पन वाटेत असतो तवा कोन्त्या जातीचा?"

"ठरलेलं नसतं."

"ठरतं कवा?"

अश्विनीच्या तोंडात चकली होती. "कुणी बघितलं की," ती म्हणाली.

"मंग देखू नका ना कोणी," मंजुळाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या बिचाऱ्याले तसंच." आणि तिघंही हसले.

त्या मंगळवारच्या रात्रीपासून चिंधा हे एकच वाक्य चघळत राहिला. बघितलं की ठरतं. इथे मसाटमध्ये मंजुळा गेली, त्याला इलाज नव्हता, त्याने डोळ्यांनी बघितलं. पण चेन्नईत अजून कुणी बघितलेलं नाही. तिथे भाकरी थापली जातेय, सातला दोन रिंग येतायत. अश्विनीला कळेपर्यंत मंजुळा तिथे आहे. आपण उगाच कशाला ठरवून टाकायचं? आठच दिवस. व्हायवा झाला की सांगू. दहाव्याला तर ती असेलच.

बुधवारी सातला त्याने दोन रिंग दिल्या. गुरुवारी सातला दिल्या. लोक दिव्याला नमस्कार करून जात होते, भिमाबाई डबा आणून ठेवत होती, आणि हा सहा पन्नासपासून फोन हातात घेऊन घड्याळाच्या काट्याकडे बघत बसायचा. पाळीच्या भोंग्यावर आयुष्य गेलेला माणूस. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. रिंग वाजत असताना त्याला बरं वाटायचं, हेही खरं आहे. तेवढ्यापुरतं त्यालाही वाटायचं की ती देतेय.

शुक्रवारी सुलभाबाई भेटायला आल्या. या मूळच्या सावंतवाडीच्या, सिल्वासातल्या मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. अश्विनीला भौतिकशास्त्राचा नाद त्यांनीच लावला. दिव्यापाशी बसून त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "अश्विनी कधी पोचली? कुठेय?"

चिंधाने सांगितलं. आधी व्हायवाचं सांगितलं, मग भीत भीत ते बघितलं की ठरतं हेही सांगितलं. "तिनंच सांगितलं होतं मॅडम. तिचंच शास्त्र हाय."

सुलभाबाईंना काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण न्यूट्रिनो त्यांच्या अभ्यासक्रमात कधी आला नव्हता, आणि समोरच्या माणसाचा चेहरा बघून वाद घालायचं त्यांच्याने झालं नाही. "मुलीला तिची आई बघायला मिळायला हवी होती हो," एवढंच त्या म्हणाल्या. चिंधाने मान खाली घातली. आई बघायला आता उरली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

रविवारी अश्विनीचा मेसेज आला. व्हायवा ऑनलाइनही दिसणार होता, त्याची लिंक होती. खाली लिहिलं होतं, "इंग्रजीत आहे, पण बघा. मायलाही दाखवा." चिंधाने ते तीनदा वाचलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मंगळवारी अकरा वाजता तो सुलभाबाईंच्या घरी गेला. सुतकात दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून व्हरांड्यातच बसून राहिला. मला असलं काही चालतं, या आत, असं त्यांनी दोनदा सांगितलं, मग स्वतःच लॅपटॉप बाहेर आणून स्टुलावर ठेवला आणि शेजारी बसल्या. पडद्यावर अश्विनी उभी होती. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. अभ्यासाने झालं असेल, असं चिंधाने स्वतःला सांगितलं.

तासभर ती बोलली. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तिचा आवाज कुठे अडखळला नाही, एवढं कळलं. फळ्यावर तीन रेघा जवळजवळ सुरू होऊन पुढे लांब झाल्या, तेव्हा त्याला परात आठवली. मग प्रश्न सुरू झाले. पांढऱ्या केसांच्या एका परीक्षकाने काहीतरी विचारलं आणि अश्विनी थांबली. त्या तासाभरात पहिल्यांदाच थांबली.

"काय विचारलं?" चिंधाने विचारलं.

"न्यूट्रिनो जन्मतो तेव्हा त्याच्याबरोबर एक जुळा कण जन्मतो," सुलभाबाई ऐकत ऐकत सांगू लागल्या. "न्यूट्रिनोच्या आतल्या तिघांतला कोण निघाला, त्याची खूण त्या जुळ्यावर उमटली तर इकडचं एकत्र चालणं मोडतं. ते विचारतायत, की जुळ्याकडे कुणी बघितलंच नाही तर? तर इकडे एकत्र राहतील का?"

चिंधा पुढे सरकला. हा तर त्याचाच प्रश्न होता.

अश्विनीने टेबलावरचं पाणी प्यायलं. मग बोलली, हळू आणि अगदी थोडं.

सुलभाबाईंनी पडद्यावरून नजर काढून चिंधाकडे बघितलं.

"काय म्हनली?"

"म्हणाली, बघण्या न बघण्याचा इथे प्रश्नच नाही." सुलभाबाईंचा आवाज खाली गेला. "खूण उमटली की ते त्याच क्षणी मोडलेलं असतं. ती कुणी वाचो, न वाचो. आपण तोंड फिरवून त्यांना एकत्र ठेवू शकत नाही."

परीक्षक हसून मान डोलावत होते. थोड्या वेळाने सगळे उठले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी अश्विनीला डॉक्टर म्हटलं. सुलभाबाई रडत होत्या, त्यातला आनंद किती आणि दुसरं किती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चिंधा टाळ्या वाजवायच्या विसरला. आठ दिवस तो ज्याच्यावर उभा होता ते शास्त्र त्याच्याच पोरीने पायाखालून काढून घेतलं होतं. मंजुळा चेन्नईतही मंगळवारीच गेली होती. त्याने काहीही वाचवलं नव्हतं. फक्त पोरीचं आईला शेवटचं बघणं घालवलं होतं.

व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्याने स्वतःच्या फोनवरून तिला फोन लावला. मागे माणसांचा गलका होता, मग दार लागल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

"आबा," ती म्हणाली. पुढे काही नाही. कसा झाला, बघितलात का, काही नाही.

"बेटा," चिंधा म्हणाला, "तुनी माय गयी."



"कधी?"

"मागच्या मंगळवारी. सकाळी."

"म्हणजे ते तुम्ही देत होतात," ती म्हणाली, आणि तिने फोन कापला.

ती गुरुवारी सकाळी वापीला गाडीतून उतरली आणि रिक्षाने थेट दमणगंगेवर आली. दहाव्याचं सगळं होईपर्यंत बापाशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर फळीवरचा आईचा फोन घेतला, बटणं दाबली आणि चिंधापुढे धरला. एकाखाली एक सात कॉल होते. सात वाजता, सात वाजता, सात वाजता.

"माय कधी सातला द्यायची का हो?" अश्विनी म्हणाली. "कधी पावणेसात, कधी साडेसात. पीठ संपलं म्हणून दळायला गेली तर आठ. भिमाबाईशी गप्पा मारत बसली तर त्याहून उशिरा. तिच्या हाताला लागेल तेव्हा. बरोबर सातला फक्त तुम्ही देऊ शकता."

चिंधाला हे सुचलंच नव्हतं. मिस कॉल रोज घरातूनच जायचा, पण तो किती वाजता जातो, हे त्याने कधी बघितलं नव्हतं.

"तुला कळलं होतं?"

"पहिल्या दिवशी काही नाही. बुधवारीही सात वाजले तेव्हा जरा खटकलं. गुरुवारी वाजायच्या आधीच मी फोनकडे बघत होते, आणि सातला वाजला." ती खाली बसली. "माझ्या हातात फोन होता, आबा. मला फक्त लावायचा होता. मी नाही लावला. म्हटलं, व्हायवा होऊ दे. विचारलं नाही तर काही झालेलं नाही. मी! सहा वर्षं हेच शिकले मी, की असं होत नसतं. आणि तिथे उभी राहून त्या माणसाला तेच उत्तर दिलं. देताना मला ठाऊक होतं मी काय बोलतेय."

चिंधाने तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला. तिने मान बाजूला घेतली.

"दिवाळीत मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "बघितलं की ठरतं असं नसतं ते. सोपं करून सांगायच्या नादात बोलले. ते माझं चुकलं. विचारलं नाही, तेही माझं चुकलं. पण माझी माय मला बघू दिली नाहीत तुम्ही. गुरुवारी मी फोन केला असता तरी ती मला दिसणार नव्हती. ते तुमचं आहे. मी तुम्हाला माफ करीन, आबा. पण अजून नाही."

"नको करू," चिंधा म्हणाला.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "कशी दिसत होती?"

मग चिंधाने सांगितलं. पातळ कोणतं होतं ते, कुंकू भिमाबाईने लावलं ते, तोंड जरा उघडं राहिलं होतं ते. हाताला पीठ होतं, बायका धुवायला लागल्या तर मीच नको म्हटलं, हेही सांगितलं. अश्विनी मध्ये मध्ये विचारत होती, कोणत्या हाताला, दोन्ही का, बांगड्या कोणत्या. तो आठवून आठवून सांगत होता आणि दोघंही रडत होती, पण वेगवेगळ्या भिंतींना टेकून.

तेरावं झाल्यावर ती चेन्नईला परत गेली. जाताना आईचा फोन पिशवीत टाकून घेऊन गेली. पोचले, असा एका शब्दाचा मेसेज आला. पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी चिंधा पहिली पाळी करून आला. दिवसभर त्याने पाण्यावर धागे सोडले आणि गाठी मोजल्या. संध्याकाळी परात घेतली, पीठ मळलं आणि जन्मात पहिल्यांदा भाकरी थापायला बसला. पहिली तुटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी भाकरीसारखी दिसायला लागली. सात वाजले तेव्हा त्याचे दोन्ही हात पिठात होते. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि चौथी थापली.

भाकरी झाल्या तेव्हा सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. हात न धुताच त्याने स्वतःचा फोन घेतला आणि तिचं नाव दाबलं.

एक रिंग. दोन रिंग. अंगठा लाल बटणावर गेला. अकरा वर्षांचा कायदा होता, इथे कापायचं. त्याने कापलं नाही. तिसरी वाजली. ती उचलणार नाही हे त्याला माहीत होतं. मिस कॉल कुणी उचलत नाही, आणि त्याचा फोन तर आता तिने का उचलावा? चौथी वाजली. पाचवी वाजत असताना मध्येच तुटली आणि पलीकडे एकदम शांतता झाली. तिने उचलला होता.

काय बोलायचं ते चिंधाने ठरवलंच नव्हतं.

"माय नही बेटा," तो म्हणाला, "मी शे."

"माहीत आहे, आबा," अश्विनी म्हणाली. आणि तिने फोन कापला नाही.